घराण्यातला कान

पोराचा कान वाहतोय एवढ्याच कारणासाठी आई उपकेंद्राची पायरी सहसा चढत नाही. ती आलेली असते तापासाठी, खोकल्यासाठी, नाहीतर धाकट्याला लस द्यायला. नर्सबाईंनी मोठ्याच्या गालावर सुकलेला पू पाहून विचारलंच, तर उत्तर तयार असतं: आमच्यात सगळ्यांचेच कान फुटतात. याच्या बापाचा फुटायचा, बहिणीचाही फुटलेला आहे, मोठा झाला की थांबेल. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत, आणि खरं तर महाराष्ट्राच्या बहुतेक ग्रामीण भागांत, लहान मुलांच्या मध्यकर्णाच्या संसर्गाचं निदान, कारण आणि उपचार अशा एका दमात उरकलेले असतात.

शिकलेल्या माणसाला हे बोलणं अडाणीपणाचं वाटतं. ते तसं नाही. गेल्या तीसएक वर्षांतलं संशोधन समोर ठेवलं तर या आईच्या म्हणण्यात निम्मं विज्ञान आहे. कान घराण्याने फुटतात, हे खरं आहे. ‘म्हणून काही करायचं नसतं’ हा उरलेला निम्मा भाग मात्र खोटा आहे, आणि पोराचं ऐकणं जातं ते त्याच्यापायी. पुढची पानं लिहिली गेली ती या दोन निम्म्यांची फारकत करण्यासाठी.

आधी कानाच्या आतलं पाहू. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते, तो मध्यकर्ण. तिथली हवा बदलती राहावी म्हणून नाकाच्या मागच्या बाजूपासून एक नळी तिथवर येते. सोळाव्या शतकात बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं, म्हणून ती युस्टेशियन नळी. मोठ्या माणसात ती साडेतीन सेंटीमीटर लांब आणि चांगली उतरती असते. तान्ह्या बाळात ती जेमतेम निम्मी आणि जवळपास आडवी. बाळाला सर्दी झाली की नळीचं तोंड सुजतं, आतली हवा शोषली जाते, पोकळीत ओढ तयार होते आणि द्रव साठतो. नाकातले जंतू, म्हणजे मुख्यतः न्यूमोकोकस, हिमोफिलस आणि मोराक्सेला, त्या द्रवात वाढतात. पू होतो. पडदा फुगतो आणि मूल रात्रभर किंचाळतं.

मग पहाटे कधीतरी पडदा फुटतो. दाब सुटतो, ठणका थांबतो, मूल झोपी जातं. घरच्यांच्या दृष्टीने हा दुखणं संपल्याचा क्षण. एवढं वेड लावणारं दुखणं आपोआप थांबलं असेल तर कोणाचाही असाच समज होईल. पुष्कळदा तो खराही ठरतो, कारण पडद्याचं बारीक भोक आपोआप भरून येतं. पण ज्या मुलांत ते भरत नाही, आणि दोन आठवडे उलटले तरी कान वाहत राहतो, तिथे दुखण्याची जात बदलते. आता दुखत नाही, ताप नाही, फक्त वाहतं. जंतूही बदलतात. बाहेरून शिरणारे स्युडोमोनास, स्टॅफिलोकोकस तिथे घर करतात. न दुखणाऱ्या आजारासाठी डोंगर उतरून कोण जाणार?

आंघोळीचं पाणी कानात गेलं म्हणून कान फुटला, ही समजूत सगळीकडे आहे, शहरातही. धड पडद्यातून पाणी आत जात नाही. सुरुवात नाकातून होते. फुटलेल्या पडद्यातून मात्र पाणी जातं आणि बरा होत आलेला कान पुन्हा वाहायला लागतो. म्हणजे पाणी गुन्हेगार आहे, पण दुसऱ्या अंकातला. कोमट केलेलं लसणीचं तेल किंवा पाल्याचा रस कानात सोडण्याचंही तेच: पडदा फुटलेला असेल तर ते थेट मध्यकर्णात उतरतं.

आता घराण्याकडे वळू.

एखाद्या आजारात रक्ताचा वाटा किती आणि राहणीचा किती, हे तपासायची जुनी युक्ती म्हणजे जुळी मुलं. एकाच गर्भातून दुभागलेल्या, हुबेहूब जुळ्यांची जनुकं सारखी असतात. दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांची साध्या भावंडांइतकीच जुळतात. राहणी दोघांचीही एक. तर मग हुबेहूब जुळ्यांचे कान एकमेकांसारखे जास्त फुटतात का? नॉर्वेत १९९७ साली जुळ्यांच्या मोठ्या नोंदीवरून हा हिशेब झाला आणि उत्तर होकारार्थी आलं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात मार्गारेथा कॅसलब्रान्ट आणि सहकाऱ्यांनी तर जुळ्या-तिळ्यांचे कान जन्मापासून दोन वर्षं नियमित तपासले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, मुलाच्या मध्यकर्णात किती काळ द्रव साठून राहतो यातल्या फरकापैकी सुमारे ७३ टक्के फरक आनुवंशिक होता.

कुठली जनुकं? यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण फिलिपाइन्सचं आहे, आणि ते जव्हार-मोखाड्याच्या वाचकाला लांबचं वाटणार नाही. तिथल्या एका छोट्या, आपसातच सोयरीक करणाऱ्या आदिवासी समाजात कान वाहणाऱ्यांचं प्रमाण फार मोठं होतं. रेजी सॅन्टोस-कोर्टेझ यांच्या चमूने त्या कुटुंबांची वंशावळ मांडून जनुकं तपासली, आणि २०१५ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये ‘ए-टू-एम-एल-वन’ या जनुकातला बदल जाहीर केला. या जनुकापासून बनणारं प्रथिन मध्यकर्णाच्या अस्तरात आढळतं आणि प्रथिनं कुरतडणाऱ्या विकरांना आवर घालतं. गंमत पुढे आहे. तोच बदल अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये वारंवार कान फुटणाऱ्या तीन मुलांतही सापडला. पाठोपाठ २०१८ मध्ये ‘एफ-यू-टी-टू’ या दुसऱ्या जनुकाचं नाव पुढे आलं. रक्तगट ठरवणाऱ्या साखरेच्या साखळ्या लाळेत आणि शेंबडात उतरणार की नाही, हे ते ठरवतं; आणि जंतूंना अस्तरावर पकड मिळते ती अशाच साखळ्यांच्या आधाराने. याशिवाय लाखो लोकांच्या जनुकांच्या तुलनेतून आणखी दहाबारा ठिकाणं पुढे आली. प्रत्येकाचा वाटा चिमूटभर.

काही मुलांत मात्र जन्माचा वाटा चिमूटभर नसतो. टाळू दुभंगलेलं बाळ घ्या. नळी उघडणारा स्नायू टाळूतूनच काम करतो, टाळू दुभंगली की नळी उघडत नाही, आणि अशा जवळपास प्रत्येक बाळाच्या मध्यकर्णात द्रव साठतो. डाउन सिंड्रोमच्या मुलांत नळी अरुंद आणि ढिली. अशी मुलं पाड्यावर दिसली की ओठाच्या शस्त्रक्रियेची चौकशी होते, दूध पाजण्याची होते, वाढीची होते. कानाची राहून जाते.

एवढं वाचून कोणी म्हणेल, ७३ टक्के रक्तात असेल तर त्या आईचं काय चुकलं? इथे आकडा नीट वाचायला हवा. एकाच वावरात, एकाच खताच्या मात्रेवर नागलीच्या दोन जाती पेरल्या, तर पिकातला फरक जवळजवळ सगळा बियाण्याचा दिसेल. तेच बियाणं एकीकडे गाळाच्या खाचरात आणि दुसरीकडे धुपलेल्या वरकस उतारावर टाकलं, तर फरक जमिनीचा दिसेल. बियाणं तेच. पिट्सबर्गची घरं बऱ्यापैकी एकसारखी होती. सगळीकडे पोटभर अन्न आणि डॉक्टर हाताशी. तिथे जो फरक उरला तो जनुकांचा. तो आकडा उचलून मोखाड्यातल्या पाड्याला लावता येत नाही.

रक्त तेच राहून आजार पालटल्याचा दाखला कॅनडाच्या उत्तर टोकाचा आहे. तिथल्या इनुइट लोकांत विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठा बदल झाला: शिकारीमागे फिरणारी कुटुंबं सरकारी वसाहतींत स्थिरावली आणि बाळांच्या तोंडी बाटली आली. कान वाहणारी मुलं घरोघर दिसू लागली. ऑटो शेफर या डॉक्टरांनी १९७१ साली दाखवून दिलं की आईच्या दुधावर वाढलेल्या मुलांत हा त्रास कमी आणि बाटलीच्या दुधावर वाढलेल्यांत कितीतरी जास्त होता. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत.

या एका बाबतीत जव्हार-मोखाड्याची बाजू भक्कम आहे. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांतली आई मुलाला वर्ष-दोन वर्षं अंगावर पाजते. शहरातल्या डॉक्टरांनी हेवा करावा अशी ही गोष्ट आहे, आणि तिची शाबासकी या बायांना क्वचितच कोणी दिली असेल. अडचण पुढे सुरू होते.

२०११ च्या जनगणनेनुसार या दोन्ही तालुक्यांत दर दहा माणसांमागे नऊहून अधिक आदिवासी. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी डोंगर तिथेच राहिले. जव्हार हे मुकणे राजांचं जुनं संस्थान. तिथलं पतंगशहा कुटीर रुग्णालय हा भोवतालच्या पाड्यांचा मोठा आधार. मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. त्यापलीकडची गरज पडली, पडदा शिवायचा झाला, तर नाशिक, ठाणे किंवा मुंबई गाठायची. वैतरणेच्या खोऱ्यातलं याच पट्ट्यातलं पाणी मुंबईला जातं, आणि चैत्र-वैशाखात इथल्या बाया हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालतात. हात धुणं, नाक पुसणं, फडकं स्वच्छ ठेवणं या सूचना करताना त्या हंड्याची आठवण ठेवावी.

इथल्या मुलाचा कान समजून घ्यायचा तर वर्षाचं चक्र मांडावं लागतं. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. लावणीच्या दिवसांत आई चिखलात आणि तान्हं मोठ्या बहिणीच्या कडेवर. कारवीच्या कुडाच्या घरात माणसं, शेळ्या आणि चूल एका छपराखाली. सरपण ओलं, धूर कोंडलेला. एकाला सर्दी झाली की सगळ्यांना होते. एका घरात जितकी लहान मुलं जास्त, तितके धाकट्याच्या नाकात जंतू लवकर पोहोचतात. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांत तर जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच ते बाळाच्या नाकात ठाण मांडतात, आणि पाठोपाठ कान बिघडतात, असं दिसलेलं आहे. जितकं लहान वय, तितकं दुखणं हट्टी.

धुराबद्दल थोडं जपून बोललं पाहिजे. घरातल्या विडी-सिगारेटच्या धुराचा आणि मुलांच्या कानाचा संबंध पुष्कळ अभ्यासांत दिसला आहे. चुलीच्या धुराचे पुरावे न्यूमोनियासाठी जितके पक्के, तितके कानासाठी नाहीत. काही ठिकाणी संबंध दिसतो, काही ठिकाणी नाही. तरी श्वासमार्गाच्या अस्तराला धूर सुजवतो आणि नळीचं तोंड त्याच अस्तराचं आहे, एवढं म्हणता येतं. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचे सिलिंडर पाड्यांवर पोहोचले. ते भरून आणण्याचा खर्च आणि वाट पाहिली की चूल का विझली नाही ते कळतं.

श्रावण-भाद्रपदात कणगी रिकामी होत जाते. जुनी नागली-वरई संपलेली, नवं पीक उभं. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली, तेव्हापासून हा मुलूख बातमीत येतो तो बालमृत्यूंच्या संदर्भात. २०१६ मध्ये मोखाडा पुन्हा तसाच गाजला. मृत्यूंच्या आकड्यापुढे वाहत्या कानाची गोष्ट कोण काढणार, हे समजण्यासारखं आहे. पण दोन्हींची मुळं एकाच जमिनीत आहेत. वजन घटलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती घटते, सर्दी लांबते, पडद्याचं भोक भरत नाही. जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडलं तर नाक-घसा-कानाचं अस्तरच दुबळं होतं. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात लहानपणी या जीवनसत्त्वाचा डोस मिळालेली मुलं मोठी झाल्यावर तपासली गेली. बालपणी ज्यांचे कान वाहिले होते, त्यांच्यातही डोस मिळालेल्यांत पुढे बहिरेपणाची शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी भरली. २०१२ सालचा हा निष्कर्ष. अंगणवाडीत दर सहा महिन्यांनी चमच्याने पाजलं जातं ते हेच औषध. पाजणाऱ्या सेविकेलाही बहुधा ते डोळ्यांसाठी म्हणूनच ठाऊक असतं.

आणि मग दिवाळी. भात झोडून झालं की घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर निघतात, भिवंडीकडे, वसईकडे, जिथे मुकादम नेईल तिथे. पोरं बरोबर. परत येणं शिमग्याला, नाहीतर थेट पावसाच्या तोंडावर.

या स्थलांतराचं कानाशी असलेलं नातं लसीच्या कार्डावर दिसतं. कान फोडणाऱ्या जंतूंपैकी न्यूमोकोकसवरची लस आता सरकारी लसीकरणात मोफत मिळते; २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर, महाराष्ट्रासह. मात्रा तीन: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. भाद्रपदात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यावर, जन्मलेलं बाळ घ्या. पहिली मात्रा ऑक्टोबरच्या शेवटी, ऐन बांधाबांधीच्या दिवसांत. दुसरी डिसेंबरच्या उत्तरार्धात, तेव्हा ते भट्टीवरच्या झोपडीत. तिसरी जूनच्या मध्यावर, तेव्हा पाड्याची वाट ओढ्याने अडवलेली. कोणाचाही हलगर्जीपणा नसताना तिन्ही मात्रा चुकू शकतात. लस सगळे कान वाचवत नाही, कारण फोडणारे जंतू अनेक आहेत. पण लहान वयातला पहिला, वाट मोकळी करून देणारा संसर्ग ती टाळू शकते, आणि न्यूमोनियापासून वाचवते ते वेगळंच.

कान वाहत राहिला म्हणून मूल सहसा मरत नाही, रडत नाही, फक्त थोडं कमी ऐकतं. बिघडते ती शाळा. मध्यकर्णात द्रव असला किंवा पडद्याला भोक असलं की आवाज बंद होत नाही, दबतो. बाराखडीतली जोरकस अक्षरं पोहोचतात, हलकी विरतात. त्यात घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोली आणि वर्गात पुस्तकी मराठी. चांगल्या कानाचं मूलही पहिली-दुसरीत गोंधळतं. कान वाहणारं मूल गप्प बसलं, तर गुरुजी त्याचं गप्प राहणं भाषेच्या खात्यावर टाकतात, किंवा लाजाळूपणाच्या, किंवा डोक्याच्या. कानाच्या खात्यावर सहसा कोणी टाकत नाही. आश्रमशाळेत तर रात्री कूस वळताना उशीवरचा डाग पाहणारी आईही जवळ नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली कान वाहण्याच्या आजारावर अहवाल काढला. चार टक्क्यांहून अधिक लोकांना हा आजार असलेल्या देशांच्या यादीत टांझानिया, सॉलोमन बेटं, ग्रीनलंड यांच्या बरोबरीने भारत होता, आणि चार टक्क्यांच्या वर गेलं की तातडीने हात घालावा असं संघटनेचंच माप आहे. २००७ मध्ये केंद्राने बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या दोषांच्या यादीत मध्यकर्णाचा दाह नावाने नोंदलेला आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. कागद चांगला आहे. पथकाच्या तारखा मात्र स्थलांतराचं कॅलेंडर पाहून ठरायला हव्यात. जानेवारीत पाड्यावर येऊन मूल ‘गैरहजर’ लिहिण्यात अर्थ नाही.

घरी करायची गोष्ट साधी, पण नेमकी आहे. स्वच्छ, मऊ, पाणी शोषणारं सुती कापड घ्यायचं आणि त्याची वात वळायची. ती हलकेच कानात ठेवायची, भिजली की काढून दुसरी, आणि वात कोरडी निघेपर्यंत हे चालू. दिवसातून तीनदा. डॉक्टरांनी दिलेले थेंब त्यानंतर, कारण पुवावर टाकलेला थेंब आतवर पोहोचतच नाही. काडी नको, पिन नको, तेल नको, आंघोळीला कानात पाणी नको. कानामागे दुखरी सूज आली, मूल गुंगीत गेलं, तोंड वाकडं झालं, किंवा स्रावाला कुजका वास येऊ लागला, तर वात वळत बसायचं नाही, रुग्णालय गाठायचं. पहिल्या तिन्हींत तर त्याच दिवशी.

‘घराण्यातच आहे’ या उत्तराचाही उपयोग करता येतो. बापाचा कान फुटायचा आणि बहिणीचा फुटलेला असेल, तर त्या घरात जन्मणारं पुढचं बाळ जोखमीचं, हे जनुकं न तपासताही आशाताईंना कळलं. वहीत त्या घरापुढे खूण करायची. त्या बाळाच्या लसी भट्टीवर निघण्याआधी जितक्या देता येतील तितक्या उरकायच्या, कार्ड आईच्या गाठोड्यात बांधून द्यायचं आणि भट्टी कोणत्या गावच्या हद्दीत आहे ते मुकादमाकडून लिहून घ्यायचं. त्या बाळाला सर्दी झाली की आठवडाभराने कान पाहायचे. चुलीपाशी त्याची झोळी बांधू नये, एवढं त्याच्या आजीला सांगायचं; आईला सांगून फरक पडत नाही, झोळीची जागा आजीच ठरवते. आणि ज्या बहिणीचा कान आधीच फुटलेला आहे, तिला वर्गात पहिल्या रांगेत, बरा कान गुरुजींकडे येईल अशा बाजूला बसवायचं. पडदा शिवायची शस्त्रक्रिया पुष्कळदा ती आठ-दहा वर्षांची होईपर्यंत लांबवली जाते, आणि तोवर तिची तिसरी-चौथी होऊन गेलेली असते.